चेंबरचे अठरा बोल्ट

अयूब मिस्त्रीले मी अहेरीच्या भर बाजारात शिव्या दिल्या, ती गोठ आजही माझ्या घशात अडकून आहे. शिव्या देणं माझ्यासाठी काही नवीन नाई. ड्रायव्हर माणूस, जिभेले हाड नाई. रस्त्यात बैल आडवा आला तरी मी त्याच्या मालकाच्या सात पिढ्या काढतो. पण त्या दिवशी ज्याले दिल्या, त्याचा कसूर नव्हता.

छप्पन सालची गोठ. मी तवा अहेरी ते चांदा माझी मोटार चालवत होतो. लढाईतली, फौजेनं डिस्पोजलमध्ये विकायले काढलेली गाडी, मागं लाकडी डब्बा ठोकलेला, त्यात माणसं, कोंबड्या, तांदळाचे कट्टे, जे येईल ते. इंजनात काही बिघडलं की अयूबकडं न्यायचं. बाजाराच्या कडेले चिंचेखाली त्याची टपरी होती, मागच्या खोलीत तो अन् त्याची बायको सलीमाभाभी राहायचे. बांबूची काडी एका टोकानं इंजनले लावायचा, दुसरं टोक दातात धरायचा, अन् आत काय दुखून राह्यलं ते सांगायचा. अन् बोल्ट कसताना डोळे मिटायचा. मी एकदा हसलो तर म्हणे, "भाऊ, बोल्ट बोलते. बस्स म्हणते. त्याच्यावर अर्धा आटा दिला तर रडते." असा माणूस! अख्ख्या लाइनीवर त्याचं नाव होतं.

त्या साली दिवाळीनंतर माझ्या गाडीचं चेंबर गळायले लागलं. चेंबर म्हणजे इंजनच्या पोटाखाली तेलाचं जे पत्र्याचं भांडं असते ना, ते. अठरा बोल्टांवर टांगलेलं, मधात बुचाचं पॅकिंग. अयूबनं पॅकिंग बदललं. आठ दिवस बरं गेलं, पुन्हा टपटप. त्यानं चेंबर उतरवलं, वाकलेली किनार ठोकून सरळ केली, नवीन पॅकिंग टाकलं. पुन्हा टपटप. असं चार वेळा झालं. मी सीटखाली तेलाचा डबा घेऊन फिरायचो, अन् गाडी जिथी उभी राहील तिथी खाली काळा डाग. नाकी नऊ आले बाप्पा!

मग एक दिवस गोंडपिपरीजवळ तेलाचा काटा एकदम खाली पडला. गाडीत सोळा माणसं, त्यात एक बाळंतीण. वेळेवर थांबलो म्हणून, नाई तर इंजन जागच्या जागी जाम झालं असतं. परत आलो तो बाजाराचा दिवस. उतरलो अन् सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडलो. मिस्त्री कसला, हजाम आहे म्हटलं. उद्या गाडी बल्लारशाले नेतो अन् साऱ्या ड्रायव्हरांले सांगतो का अयूब संपला.

अहेरीत मोटारी त्या किती? पाच. पाच ड्रायव्हरांनी तोंड फिरवलं का त्याची चूल बंद. हे त्यालेही ठाऊक होतं, मलेही. तो खाली मान घालून उभा राह्यला. एवढंच म्हणे, "मुखरूभाऊ, एक बार अजून. आखरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टपरीत नेली. म्हटलं, आज याच्या बाजूले पडून डोळ्यासमोर काम करून घेतो. दोघंही गाडीखाली पाठीवर पडलो. इंजन आताच बंद केलेलं, सायलेन्सरचा पाइप तापून लाल व्हायचा बाकी होता. अयूब डाव्या हातानं पाना शोधून राह्यला होता, बोलून राह्यला होता, "पत्रा नरम आहे भाऊ, लढाईतला माल, त्यानंच किनार वाकते." तेवढ्यात मले वास आला. वाटलं चिंधी जळाली. पाहतो तर त्याचा उजवा हात पाइपावर टेकलेला.

"अबे, हात!" मी ओरडलो अन् त्याचं मनगट ओढलं.

करंगळीची अन् तिच्या बाजूच्या बोटाची कातडी पांढरी पडून उचलली होती. अयूबनं त्या हाताकडं पाह्यलं. दुसऱ्या कोणाचा हात असावा, तसं पाह्यलं. त्याच्या तोंडातून हायही निघालं नाई.

"दुखत नाई काय बे तुले?"

त्यानं आजूबाजूले कोणी नाई ते पाह्यलं. मग हळूच सदऱ्याची बाही वर केली. कोपराजवळ रुपयाएवढा पांढुरका चट्टा. म्हणे, "दोन पावसाळे झाले. आधी वाटलं गजकर्ण आहे. करंजीचं तेल लावलं. मग सलीमाची शिवायची सुई टोचून पाह्यली."

"मग?"

"सुई दिसली. लागली नाई."

मी हातभर बाजूले सरकलो. खोटं काऊन बोलू? अंग आपोआप सरकलं, अन् त्यानं ते पाह्यलं. तेवढ्यासाठी मी स्वतःले अजून माफ केलं नाई.

"डाक्टरले दाखव ना," मी म्हटलं.

"दाखवून काय करू? वारलूच्या बाजूले झोपडी बांधू?"

वारलू आमच्या इथला सुतार. महारोग झाला म्हणून गावानं नाल्यापल्याड काढला. त्याचे सख्खे भाऊ दगडावर आंबील ठेवायचे अन् तो जवळ यायच्या आत निघून जायचे. तो रस्त्यावर येऊन मोटारीले हात दाखवायचा. मी कधी थांबलो नाई. उलट भोंगा दाबायचो.

अयूब आता इंजनकडं पाहून बोलत होता. "बोल्टचं बस्स मले ऐकू येत नाई भाऊ. बोटांत कळतच नाई. कसत जातो, कसत जातो, खांदा दुखला का थांबतो. पण कोण जाणे, पत्राही नरम असंल! माझा काही दोष नसंल! तू असं कर. आज मी हात लावत नाई, बोल्ट तू कस. तुझ्या हातानंही गळलं, तर खोट पत्र्याची."

"अन् नाई गळलं तर?"

त्यानं पाना माझ्या हातात ठेवला.

आता सांगा, सुईनं जे सांगतलं ते एक चेंबर काय खोटं करणार होतं? पण बुडता माणूस काडीले धरते. मीही धरली. महिनाभर ज्या गळतीनं माझं रक्त आटवलं, ती राहावी असं मले त्या घडीले वाटलं.

चेंबर उतरवलं. अयूबनं सांगतलं तसं मी ऐरणीवर किनार ठोकून सरळ केली. प्रत्येक बोल्टच्या भोकाजवळ पत्रा खाली खचला होता, जास्त कसल्यानं. दोघांनीही पाह्यलं. नवीन पॅकिंग बसवलं. मग तो पाठीवर पडून नुसता पाहत राह्यला अन् मी कसत गेलो. "आधी मधातले. दोन बोटांनी पाना धर, मुठीनं नाई. काय सांगते?"

"थोडं अडकून राह्यलं."

"बस्स. सोड. समोरचा घे."

असे अठरा. नवीन तेल भरलं. त्यानं सलीमाभाभीले हाक मारून तांदळाचं पीठ मागतलं. ती वाटी घेऊन आली अन् मले म्हणे, "काऊन भाऊ, गाडीले अनारसे करता काय?" मी हसलो. कसा हसलो मले ठाऊक. साऱ्या किनारीले पीठ फासलं. तेलाचा एक थेंब जरी सुटला तरी पिठावर तेलाची रेघ दिसणार.

आलापल्लीले जाऊन यायचं ठरलं. अयूब माझ्या बाजूले बसला, हाताले फडकं गुंडाळून. मी मुद्दाम खड्ड्यांतून गाडी नेली, चढावर रेटली, इंजन बोंबलेपर्यंत तापवलं. अयूबचे ओठ हलत होते. तो दुआ मागून राह्यला होता. गळू दे म्हणून! जंगलात सागाखाली देवाचा दगड आहे, तिथी मीही एक हात सोडून कपाळाले लावला. म्हटलं, देवा, आजवर डबाभर सांडलं, आज फक्त एक थेंब दे. परत येताना नाल्यावर वारलू उभा होता. त्यानं हात दाखवला. अयूबनं तोंड फिरवून घेतलं.

टपरीत येऊन मी आधी खाली शिरलो.

पीठ जसं फासलं होतं तसंच होतं. पांढरं, कोरडं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठीच काही नाई. मग बाहेर आलो अन् काय बुद्धी झाली, बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी उपसली. तिच्या टोकाले तेल लोंबत होतं. म्हटलं, खाली जाऊन दोन ठिपके पिठाले लावतो. कोणाले कळते?

अयूब समोर उभा होता. त्यानं माझ्या हातातली पट्टी घेतली, फडक्यानं पुसली, परत जागी घातली. म्हणे, "झूट नको भाऊ." अन् तो गाडीखाली गेला.

लय वेळ त्याचे पायच दिसत होते. मी चिंचेले टेकून उभा राह्यलो. इतक्या शिव्या येतात मले, त्यातली एकही कामाची नव्हती. शेवटी खालून आवाज आला.

"चांगलं कसलं तू, मुखरूभाऊ."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याच मोटारीनं चांद्याच्या दवाखान्यात जायले निघाला. घरी सांगतलं, सामान आणायले जातो. सलीमाभाभीनं भाकरी बांधून दिली अन् मले म्हणे, "भाऊ, यांना लवकर परत आणजा." मी हो म्हटलं. अयूब माझ्याकडं न पाहता मागं गेला, डब्ब्यात, कट्ट्यांच्याही मागं, एकटा कोपऱ्यात बसायले. ते पाहून माझं टाळकं फिरलं. उतरलो, त्याचं बखोट धरलं अन् साऱ्या प्रवाशांसमोर ओरडलो, "तिकडं कुठी मरून राह्यला बे? पुढं बस, माझ्या बाजूले!"

तो येऊन बसला. भाजलेला हात त्यानं मांडीवर ठेवला, फडक्यात. चांद्यापर्यंत सत्तर मैल आम्ही एक शब्द बोललो नाई, अन् गाडी एक थेंब गळली नाई.