पाण्यात उतरलेले हेडगुरुजी

आमच्या हेडगुरुजींइतका भित्रा माणूस वैतरणेच्या खाडीपासून पार बोईसरपर्यंत दुसरा झाला नसेल. पाल, बोका, वीज, डिप्टीसाहेब, सगळ्यांना ते सारख्याच निष्ठेने भीत. दातिवऱ्याच्या शाळेत उभी नोकरी काढली, पण समुद्राकडे कायम पाठ करून चालले. "त्याची आपली ओळख नसलेलीच बरी," म्हणत. वर्गात त्यांच्याआधी छडी शिरे, दाराआड पाल आहे का पाहायला. मी तेव्हा नवा मास्तर, स्वतःला वाघ समजणारा. त्यांच्या नकला करून पोरांना हसवायचो.

तिसरीत हिरू होती. घंटा झाली की ही पोर पाट्या भिरकावी, हाताला लागेल त्याला चावे. माझ्या मनगटावर तिचे चार दात अजून आहेत. मी छडी वापरली, कोपऱ्यात उभी केली, चावे वाढले. शेवटी तिचं नाव कमी करावं असा अर्ज लिहिला. गुरुजींनी तो वाचून खिशात घातला आणि विचारलं, "मास्तर, पोर चिडते की भिते हो?" मी हसलो. भित्र्याला मात्र भित्रं माणूस लांबून ओळखू येतं. त्यांनी तिच्या आईला गाठलं, तेव्हा कळलं: हिरूच्या बापाची होडी परतली नाही त्या संध्याकाळी गाव गोळा करायला शाळेचीच घंटा बडवली होती. दुसऱ्या दिवसापासून घंटा बंद. गुरुजी वर्गावर्गात डोकावून हळूच सांगत, "बाळांनो, सुट्टी झाली बरं." हिरू चावायची थांबली.

मग पालघरहून डिप्टीसाहेब तपासणीला आले. शाळेची शिस्त दाखवायची म्हणून मी कुणाला न विचारता घंटा बडवली, चांगली दणदणीत.

हिरू मागच्या दाराने पळाली ती थेट समुद्रात, खडकावर. भरती चढत होती. मी काठावरून हाक मारली की ती आणखी एक पाऊल मागे सरके. मागे खोल पाणी. या वाघाला पोहता येत नव्हतं.

गुरुजी आले. धोतर खोचून सरळ पाण्यात शिरले. गुडघा, मांडी, कंबर. दात वाजत होते, ते काठावर मला ऐकू येत होते. खडकापासून हातभर अंतरावर थांबून म्हणाले, "हिरू, मला फार भीती वाटते ग. परत नेतेस?"

एक लाट आली, गेली.

हिरू खडकावरून उतरली. त्यांचा हात धरून म्हणाली, "भिऊ नका गुरुजी. मी हाय ना."

त्यांनी खिशातून माझ्या अर्जाचा लगदा काढून माझ्या हातावर ठेवला. मग ओल्या धोतराने थरथरत डिप्टीसाहेबांना सांगायला गेले, की या शाळेत घंटा होणार नाही. हवं तर तसा शेरा मारा.

गुरुजी जाऊन वर्षं लोटली. पुढे मीही हेडमास्तर झालो, दुसऱ्या गावच्या शाळेत. घंटेला हात घालण्याआधी मी पोरांचे चेहरे एकेक करून पाहून घ्यायचो. नवे मास्तर पाठीमागे माझी नक्कल करत. मला ते ठाऊक होतं.