जपानी टेकडीतले मणी

एक वयस्कर जपानी पुरातत्त्वज्ञ आमच्या कोथरूडच्या घरी जेवायला आले होते. मी त्यांची दुभाषी. त्यांनी जन्मभर तिकडच्या जुन्या सरदारांची थडगी खणली होती. वरून कुलपाच्या भोकासारखे दिसणारे ते मातीचे प्रचंड उंचवटे होते.

त्यांनी दाखवलेले फोटो पाहून सासऱ्यांनी विचारलं, "दुसऱ्यांची माणसं उकरताना यांचा हात थरथरत नाही?"

मी अवघडले, पण जपानीत विचारलं.

"थरथरतो," पाहुणे म्हणाले. "एकदा लहान मुलाच्या गळ्यातले मणी सापडले. त्या दिवशी मला पुढे खणवलं नाही."

सासरे उठले आणि आम्हाला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. सोसायटी व्हायच्या आधी तिथे त्यांचं शेत होतं.

"माझी धाकटी बहीण इथं पुरलीय. तीन वर्षांची होती. सांग यांना."

मी सांगितलं. पाहुणे कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सासऱ्यांना बहीण होती, हे मलाही तेव्हाच कळलं.