रेकॉर्डरमधली लेक

आवाज आधी काकांनाच ऐकू आला. टीव्हीखालच्या फळीवर काळा रेकॉर्डर होता. त्याच्या पोटात कुणीतरी नखाने टिचकी मारावी तसा आवाज. टक. थोडी शांतता. पुन्हा टक. पडद्यावर लेक पाणीकपातीची बातमी वाचत होती आणि काकू हाताची घडी घालून मन लावून ऐकत होत्या.

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांना सगळे वायरकाका म्हणत. उभं आयुष्य केबलच्या वायरी ओढण्यात गेलं. खांद्यावर वायरीचं वेटोळं, खिशात पक्कड, आणि लोकांच्या गच्च्यांवरून अशी ये-जा, की कुणाची टाकी गळते आणि कुणाची मांजर व्यालीय हे मालकाच्या आधी यांना कळायचं. पण तोंडातून अवाक्षर निघायचं नाही. "मी चित्र पोचवतो, बातम्या नाही," म्हणायचे.

बातम्यांचं काम लेकीने घेतलं. केबलच्या मालकाने एक छोटं चॅनल काढलं होतं. शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक कॅमेरा, एक टेबल, मागे ताणून बांधलेलं निळं कापड. खाली शिलाई मशीन जोरात चालली की वर टेबल थरथरायचं. लेक दोन्ही कोपरं टेबलावर दाबून बातम्या वाचायची. कुठे पाणी येणार नाही, कोणत्या शाळेचा निकाल लागला, कुणाचा कुत्रा हरवला. लोक हसायचे, पण बघायचे.

रेकॉर्डर तिच्याचसाठी आला. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, डीव्हीडीचा खण न उघडणारा, पण आतली हार्ड डिस्क धडधाकट. लेक उशिरा घरी यायची, जेवता जेवता स्वतःला बघायची. "मान किती हलवते मी! कोंबडी दिसतेय नुसती." मग पुसून टाकायची. तिने सगळं पुसलं. एकच दिवस राहिला. का राहिला, कुणास ठाऊक. दमून तशीच झोपली असेल.

पुढे एका संध्याकाळी बातम्या संपवून येताना तिच्या स्कूटरला मागून ट्रक धडकला. चॅनलही मग फार टिकलं नाही. त्या खोलीत आता शिंपी कापडाचे तागे ठेवतो.

काकूंचं विसरणं नंतर सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. आणि मग एक दिवस दिवेलागणीला त्यांनी विचारलं, "आपली अजून आली नाही?"

लेकीला काकू नावाने हाक मारायच्या, पण काकांशी बोलताना ती नेहमी 'आपली'च असायची.

काका खरं बोलणारा माणूस. त्यांनी शेजारी बसून, हात हातात घेऊन खरं सांगितलं. काकू जमिनीवर कोसळल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा कोसळल्या. कालचं रडणं त्यांच्या गाठीला नव्हतं. प्रत्येक वेळी ती आजच गेलेली असायची. काही दिवसांनी काकांना संध्याकाळची भीती वाटू लागली. ऊन भिंतीवरून खाली सरकायला लागलं की ते खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे.

मग एकदा त्यांच्याच हातून रिमोटवर भलतं बटण दाबलं गेलं आणि ते राहिलेलं रेकॉर्डिंग सुरू झालं. काकू बोलता बोलता थांबल्या. टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "हां, कामावरच आहे होय. मग ठीक." आणि बसल्या.

तेव्हापासून रोज तेच. तोच निळा ड्रेस, तीच पाणीकपात, तोच हरवलेला कुत्रा. बातम्या संपल्या की काकू लेकीसाठी ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि ताट झाकेपर्यंत ते कुणासाठी झाकलं हे विसरायच्या. काका सकाळी ते ताट स्वतः खायचे. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, बरं चाललंय. आणि ते खरंच होतं.

टिचकी वाढत गेली. एका संध्याकाळी कुत्र्याच्या बातमीत चित्र थिजलं. लेकीचं तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. चेहऱ्यावर हिरवे चौकोन पसरले. काकांनी तो चेहरा असा एकदाच पाहिला होता, पांढऱ्या चादरीखाली, आणि तेव्हा काकूंना त्यांनी आत येऊ दिलं नव्हतं.

"अहो," काकू उभ्या राहिल्या. "काय झालं तिला?"

काकांनी टीव्हीची पिनच उपटली. "तिकडची लाईट गेली असेल."

"मग ती अंधारात बसलीय?"

"मेणबत्ती आहे त्यांच्याकडे. बस तू."

सकाळी त्यांनी रेकॉर्डर जुन्या चादरीत गुंडाळला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला त्यांच्या ओळखीचा, चष्मा कायम कपाळावर आणि कायम शोधत असलेला. त्याने झाकण काढलं, फुंकर मारली, धूळ उडाली.

"काका, हे यंत्र नाही, पेन्शनर आहे. भंगारात द्या आणि नवीन काहीतरी घ्या."

"आत एक रेकॉर्डिंग आहे."

"कशाचं?"

"लेकीचं."

दुरुस्तीवाल्याला लेक माहीत होती. कपाळावरचा चष्मा त्याने डोळ्यांवर घेतला. मशीन चालू करून डिस्कला कान लावला. टिचकी ऐकली आणि लगेच बंद केलं.

"हार्ड डिस्क निकामी होत चाललीय. आता एकदाही चालवायची नाही. जितकं चालवाल तितकं मरेल. रोज बघत होता?"

"रोज."

"मग मोबाईलवर तरी घ्यायचं ना शूटिंग करून!"

काका चादरीची घडी घालू लागले. रोज सूर्य उगवतो, त्याचा कुणी फोटो काढून ठेवतं का?

"बरं, ऐका. ही डिस्क सरळ कॉम्प्युटरला लावून दिसणारी नाही. या मशीनची भाषा या मशीनलाच कळते. मला ती कणाकणाने दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागेल, मग दुसरी इथे बसवायची. अशी जुनी डिस्कही आता शोधावी लागेल. वेळ लागेल. आणि उतरेलच असं सांगत नाही."

"संध्याकाळपर्यंत?"

दुरुस्तीवाला हसणार होता, पण काकांचा चेहरा बघून थांबला. "आठवडा तरी धरा."

काका रिकामी चादर घेऊन घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. बिघडलाय म्हणाले. काकूंनी मान डोलावली, खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग चपला घातल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

"कुठे निघालीस?"

"बघून येते. रस्त्यावर काहीतरी झालंय."

"काही नाही झालेलं."

"झालंय. तुम्हाला माहितीय आणि तुम्ही सांगत नाही." त्यांनी काकांकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहिलं की काका एक पाऊल मागे सरले. "सांगा ना. तिला काय झालंय?"

काकांनी दाराला आतून कडी घातली आणि पाठ टेकून उभे राहिले. काकू मुठींनी त्यांच्या छातीवर मारत राहिल्या, हळूहळू, दार वाजवावं तशा. थकल्यावर तिथेच खाली बसल्या. काकांकडे खरं बोलायचं बळ नव्हतं आणि खोटं त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी काकू पुन्हा चपला शोधू लागल्या. काकांनी आदल्या रात्रीच त्या पलंगाखाली सरकवल्या होत्या. काहीतरी आवाज हवा म्हणून त्यांनी टीव्ही लावला. एका मोठ्या चॅनलवर बातम्या चालल्या होत्या. कुणी एक मुलगी वाचत होती. लेकीच्याच वयाची, म्हणजे लेकीचं वय जिथे थांबलं त्या वयाची. बाकी साम्य काही नव्हतं. रंग वेगळा, आवाज वेगळा, केस मानेपर्यंत कापलेले.

वाकलेल्या काकू पलंगाजवळ सरळ उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. काकांनी रिमोट घट्ट धरला.

"केस कापले हिने," काकू म्हणाल्या.

काकांच्या तोंडून निघून गेलं, "हो."

"मला न विचारता?"

"तुझीच लेक. कधी विचारते?"

काकू हसल्या आणि खुर्चीत बसल्या. काकांना सुटल्यासारखं वाटलं. इतकं सुटल्यासारखं की आपण आत्ता काय केलं याचा विचार त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने हिरवा कोट घातला होता. काकू म्हणाल्या, "हा चांगला दिसतो. कालचा नव्हता दिसत." काकांनी चमकून पाहिलं. कालचं! काकूंना कालचं काही आठवून किती काळ लोटला होता. पुढच्या दिवशी मुलीला खोकला झाला होता. काकू रात्री झोपेपर्यंत आल्याचा काढा, गरम पाणी, पंखा असं काहीबाही बोलत होत्या. त्यांचे गाल थोडे वर आले. त्या नीट जेवू लागल्या. शेजारीण म्हणाली, "काकूंना कोणतं औषध सुरू केलं हो? एकदम तरतरी आलीय."

"बदललंय," काका म्हणाले.

त्यांना त्या मुलीचा राग येऊ लागला होता. बिचारीचा काय दोष. ती मान हलवायची नाही, अडखळायची नाही. तिच्या टेबलाखाली शिलाई मशीन नव्हती. पण ती पडद्यावर आली की काका भिंतीकडे बघत. लेकीचा चेहरा आठवायला जावं तर हिच्या केसांचा कट मध्ये यायचा. डोळे मिटून ते मनातल्या मनात पाणीकपातीची बातमी म्हणत. दुसरं वाक्य आठवायचं नाही.

दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "काका, या. तुमच्यासमोरच बसवतो."

डिस्क बरीचशी उतरली होती. दुरुस्तीवाल्याने दुसरी डिस्क मशीनमध्ये घातली, वायर खोचली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. ही डिस्क ओळखीची नाही. ती कोरी करून वापरायची का? हो किंवा नाही.

काकांच्या हातात रिमोट होता. उभा जन्म गिऱ्हाइकांना ते सांगत आले होते, काही विचारलं की हो करून पुढे जायचं. अंगठा बटणावर टेकला.

"ठेवा तो खाली!" दुरुस्तीवाला ओरडला. एवढा कधी ओरडला नव्हता. "हो म्हणालात तर सगळं पुसून टाकेल ते."

रिमोट तापलेला असावा तसा काकांनी तो पटकन खाली ठेवला. दुरुस्तीवाल्याने मशीन बंद केलं, डिस्क बाहेर काढली, उलटी केली. मागच्या पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी एक प्लास्टिकची टोपी होती. ती चुकीच्या पिनांवर बसली होती. चिमट्याने काढून त्याने ती शेजारी सरकवली आणि पुन्हा सगळं जोडलं. या वेळी पडद्यावर काही विचारणा झाली नाही. निळं कापड आलं. त्याच्यापुढे लेक आली. कोपरं दाबून बसलेली.

"नमस्कार," ती म्हणाली.

काका दुकानातल्या स्टुलावर बसले. दुरुस्तीवाला पाठ फिरवून उगाच स्क्रूची डबी आवरत राहिला.

"दोन-तीन जागी अडकेल," तो पाठमोराच म्हणाला. "पण चालेल. ही डिस्क मोठी आहे. भरपूर जागा आहे अजून."

त्या संध्याकाळी काकांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. काकू म्हणाल्या, "कुठे लग्नाला निघालात?" काका नुसते हसले. काकूंना खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

लेक पाणीकपात वाचू लागली. दुसरं वाक्य काकांच्या कानावर पडलं आणि त्यांना वाटलं, आता हे कधी विसरायचं नाही.

काकू बघत होत्या. अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं, सभ्यपणे.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"अगं, आपली."

"काहीतरीच काय. आपलीचे केस कापलेत ना." मग थोडं थांबून, कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात, "बरी वाचते हो. पण मान फार हलवते. लावा ना आता, आपलीची वेळ झाली."

काकांनी तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव. काकूंनी ते नाव ऐकून मान डोलावली, "हो, तीच. लावा."

पडद्यावर लेक कुत्र्याच्या बातमीपर्यंत आली होती. काकांनी चॅनल बदललं.

पुढे काका लेकीला दुपारी बघत, काकू झोपल्या की, आवाज बंद करून. आणि दिवेलागणीला ती दुसरी. असं चाललं. मग एका संध्याकाळी तिच्या जागी टाय लावलेला माणूस येऊन बसला.

"आपली कुठे?" काकू म्हणाल्या.

"सुट्टी असेल."

"सुट्टी असती तर घरी नसती का आली?"

दुसऱ्या दिवशीही तो टायवालाच होता. काकू खिडकीशी गेल्या, परत आल्या. पलंगाखाली वाकून बघू लागल्या. त्या दिवशी काकांच्या लक्षात आलं, ही मुलगी जिवंत आहे. तिची बदली होईल. लग्न होईल. ती रस्त्यावरून घरी जात असेल. तिला काहीही होऊ शकतं.

तिसऱ्या दिवशी ती आली. पिवळा कोट, चेहरा जरा उतरलेला. काकूंनी श्वास सोडला. काका गुडघ्यांवर सरकत रेकॉर्डरपर्यंत गेले आणि त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. बारीक दिवा लागला.

"ते कशाला?" काकू म्हणाल्या. "रोज तर येते ती."

"असू दे," काका म्हणाले. त्या मुलीचं नाव पडद्यावर खाली लिहून आलं होतं. त्यांनी ते आज पहिल्यांदा वाचलं.