पार्ट येईपर्यंत

गुडघ्यातल्या कूर्चेला आमच्या घरी कुणी कूर्चा म्हणत नसे. डॉक्टर तिला गादी म्हणत, आई वंगण म्हणे, आणि सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेले माझे वडील म्हणत, पार्ट. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांतला पार्ट गेला होता. इंदिरानगरच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ते जिना चढू लागले की हाडावर हाड घासल्याचा आवाज मागून चढताना मला ऐकू येई.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गावाबाहेरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नेमकी हीच गादी बनवायच्या मागे लागले होते. मटणाच्या दुकानातून बोकडाचे गुडघे आणायचे, त्यातल्या कूर्चेच्या पेशी सोडवून घ्यायच्या, त्या जिलेटिनच्या जेलमध्ये कालवायच्या आणि सिरिंजमधून थरावर थर देत छापायच्या. छापायचं यंत्र आम्हीच जुळवलेलं. त्याचा सिरिंज धरणारा भाग वडिलांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः काढून दिला. घात तिथेच झाला. ज्या मशीनला आपला हात लागला ते चालणारच, अशी त्यांची खात्री.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना गुडघे बदलून घ्यायला सांगितलं. आता तब्येत धड आहे, पुढे शरीर ऑपरेशन सोसेलच असं नाही, असंही बजावलं. तुझा पार्ट येईपर्यंत थांबू, म्हणत वडील हसून घरी आले. मी त्यांना सांगितलं की आमचं जेल अजून सशाच्याही गुडघ्यात गेलेलं नाही, माणसाचं तर नावच काढू नका. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. पण कारखान्यातला स्टोअरवाला पार्टला कायम नाहीच म्हणतो आणि एक दिवस पार्ट येतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. माझं 'नाही'सुद्धा त्यांनी त्याच पंगतीला बसवलं. पार्ट येईपर्यंत मशीन सांभाळून चालवायचं, बंद पडू द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. म्हणून ते भाजी आणायलासुद्धा मुद्दाम चालत जात.

इकडे जेल दगा देत होतं. नाशिकच्या थंडीत टेबलावर चकत्या सुरेख उभ्या राहत, कडा अगदी रेखीव. त्याच चकत्या अंगाच्या उबेइतक्या गरम पेटीत ठेवल्या की सकाळी तळाशी नुसता चिकट ओघळ. घट्ट करायला रसायन वाढवलं की जेल टिके, पण आतल्या पेशी मरत. मी चिडत असे, आधी जेलवर आणि मग वडिलांवर. घरी पाऊल टाकलं की ते विचारत, पार्ट कुठवर आला? मला ताटावरून उठून जावंसं वाटे.

हळूहळू त्यांचे पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागले. भाजीला जाणं सुटलं. शेवटी आईनेच रडून त्यांना ऑपरेशनला राजी केलं. त्याआधीच्या तपासणीत हृदय कमकुवत निघालं. एवढी भूल त्यांना झेपणार नाही, डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांचा विषय आता सोडून द्या.

परत येताना रिक्षात आई तोंडाला पदर लावून बसली होती. वडील मात्र शांत. आता तरी ते माझ्यावर रागावतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीशी ते थांबले. एका हाताने कठडा धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला.

"एका अर्थी बरं झालं," ते म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाची भानगड नाय. आता तुझाच पार्ट बसवायचा."

त्या दिवशीही मी पेटीत चकत्या ठेवून आले होते. सकाळी त्या चकत्यांचं काय झालेलं असणार, ते मला माहीत होतं. मी हो म्हणाले.