एक विरुद्ध: शेलूबाजारपल्याडच्या गावातले चार दिवस

कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले, त्याच आठवड्यात मैत्रीण कमलनं मला तिच्या गावी बोलावलं. स्पर्धेचा विषय होता, गरीब देशाला मतदान हवं की एक खंबीर माणूस. मी खंबीर माणसाच्या बाजूनं बोलले होते. "मग माझ्या बाबांना बघच," कमल म्हणाली. "आमच्याकडे तसाच कारभार आहे." ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी अमरावतीहून निघालो.

आज हा रस्ता तुम्ही गाणी ऐकत पार कराल. आम्हाला सकाळपासून दुपार झाली. कारंज्याच्या पुढे मोटार इतकी धूळ उडवी, की शेलूबाजारला उतरलो तेव्हा दोघींच्या भुवया सारख्याच रंगाच्या झाल्या होत्या. त्या दिवशी बाजार होता. बैल, मिरच्या, बांगड्या, आणि कढईतून थेट कागदावर पडणारी भजी. दोन आण्यांत पोट भरलं. पुढचे सहा मैल दमणीतून, म्हणजे दोन बैलांच्या हलक्या गाडीतून. त्या भागात गेलात तर डिसेंबरात जा. दोन्ही बाजूंना तूर, मध्येच सोंगून आडवी केलेली ज्वारी, आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं.

कमलच्या वडिलांना सगळं गाव काकाजी म्हणे, मीही म्हणू लागले. उंच, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बोलणं मोजकं. शाळा त्यांनी काढली, विहीर त्यांनी खोदवली, दारूचा गुत्ता त्यांनी हटवला. संध्याकाळी सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची झणझणीत भाजी आणि भाकर समोर आली. "लाजू नको बाप्पा, जेव," म्हणत त्यांनी स्वतः तुपाची वाटी पुढे केली. माझ्या भाषणातला माणूस मला सापडला होता.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सभा भरली. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. गावानं ठरवलेलं, की मतदान करायचंच नाही, काकाजींनीच पुढेही पाहावं. लिहिणारे मास्तर तापानं पडले होते. "पोरी, तू शिकलेली आहेस. तूच लिही," काकाजी म्हणाले. पुरुषांच्या सभेत एका मुलीच्या हाती वही दिली त्यांनी. मला केवढा अभिमान वाटला!

ठराव वाचला. माना डोलल्या. तेवढ्यात मागून एक माणूस उभा राहिला. किसन, पाच एकरांचा शेतकरी.

"मले मंजूर नाही," तो म्हणाला.

"काहून? काकाजीनं तुयं काय वाईट केलं?" कुणीतरी ओरडलं.

"काहीच नाही. माया पोराले त्याईनंच शाळेत घातलं." किसन दोन पावलं पुढे आला. "पण मायी बहीण नदीपल्याड एका जहागिरीत देली होती. तिथचा जहागीरदारबी लय चांगला होता. म्हनून लोकाईनं त्याले इचारनंच सोडलं. मंग तो मेला अन् पोरगा आला. बहिनीच्या नवऱ्यानं एक डाव तोंड उघडलं, त्याले वाड्यावर नेलं. आठ दिवसानं वापस आला, तवापासून तो कोनासंगंच बोलत नाही."

"मी काय त्या पोरासारखा हाओ का?" काकाजींनी विचारलं.

"नाही, काकाजी. मले तुमाले काढाचं नाही. पण काढता आलं पाह्यजे."

सभेत आरडाओरडा झाला. काकाजी माझ्याकडे वळले. "सर्वानुमते लिही, पोरी. एकानं काय होते?"

त्यांच्या घरचं मीठ खाल्लेली मी. पण किसन माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मी लिहिलं, 'एक विरुद्ध, किसन.' काकाजींनी वाचलं, वही मिटली आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. "एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं?" कमलनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. स्पर्धेत मात्र मी दहा मिनिटं न अडखळता बोलले होते.

तिसऱ्या दिवशी किसनच्या वावरात ज्वारी सोंगायची होती. एकमेकांच्या शेतात जायची गावाची रीत, पण त्या सकाळी त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. नवरा-बायको दोघंच विळा चालवत होते. काकाजींच्या कानावर हे आलं तेव्हा ते चहा पीत होते. कप ठेवला, खुंटीवरचा विळा घेतला आणि देवळापाशी बसलेल्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"मी त्याच्यावर रागावलो हाओ. तो माया राग हाय, त्याचं मी पाहीन. तुमी काहून बसले?"

काकाजी वावराकडे चालू लागले. मागून एक उठला, मग चार. कमल आणि मीही गेलो. माझ्या हाताला फोड आले. किसनच्या बायकोनं बांधावर बेसन-भाकर वाढली. काकाजी आणि किसन शेजारी बसून जेवले. सभेचा ठराव काकाजींनी त्याच संध्याकाळी फाडला.

चौथ्या दिवशी परतताना मंगरूळपीरला मोटारीची वाट पाहत दर्ग्याच्या सावलीत बसलो. सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला येत होती. सावली थंडगार आहे, तुम्हीही घटकाभर बसा. तिथं कमलनं माझ्या फोडांवर खोबरेल लावलं. आमचा अबोला सुटला.

कॉलेजात परतल्यावर त्या विषयावर पुन्हा बोलायला उभी राहिले ती दुसऱ्या बाजूनं, आणि हरले. किसनसारखं मला बोलता येत नव्हतं.

गावात निवडणूक झाली, काकाजी निवडून आले. पुढच्या खेपेला मात्र पडले, अकरा मतांनी. कमलचं पत्र आलं. लिहिलं होतं, 'बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या सरपंचाला हाताला धरून शाळेत घेऊन गेले. छप्पर कुठं गळतं, ते दाखवायला.'