हिरव्या चिठ्ठीची बासरी

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना नाही. गुरुजींना कधी कळलं नाही, आणि आता ते नाहीतच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, तसा प्रयत्न मी दोनदा केलेला आहे.

इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की मला धक्काच बसतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, माणसं करतात असं. पण हे मी केलं — मी, ज्याचं नाव कंपनीत खरेपणासाठी घेत. तेव्हा आधी माझ्या त्या नावाबद्दलच सांगतो.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. लेथवर, मिलिंगवर काढलेले पीस माझ्या टेबलावर यायचे. मापात बसला तर तारेनं हिरवी चिठ्ठी बांधायची आणि सही करायची. नाही बसला तर लाल रंगाचा फराटा. केसभर फरक असला की लोक मागे लागत — चालवून घ्या की साहेब. मी चालवून घेत नसे. पाठीमागे मला खडूस म्हणायचे, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

निवृत्ती आमच्याकडे टर्नर होता. रहाटणीचा, तिथला मूळचा. रहाटणीत तेव्हा शेतं आणि गोठेच जास्त. सकाळी म्हशींच्या धारा काढून हा सायकलवर कंपनीत यायचा. हात चांगला होता त्याचा, पण त्याचेही पीस मी नाकारलेले आहेत. बाकीचे टर्नर हुज्जत घालत, अंगावर येत. निवृत्ती मला भाऊ म्हणायचा; फराटा मारलेला पीस मुकाट्यानं उचलायचा आणि म्हणायचा, "भाऊ न्हाई म्हणत्यात, म्हंजी न्हाई." माझ्या शब्दावर असा विश्वास ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्याला बासरीच्या वाटेला लावलं तेही मीच. लहानपणी गुरांमागे फिरताना जत्रेतली बासरी वाजवायचा, असं कॅन्टीनमध्ये बोलता बोलता निघालं. मी दापोडीला राहायचो आणि तिथंच रेल्वे लाइनीमागे गुरुजींकडे शिकायचो. म्हटलं, चल एक दिवस. तो आला, गुरुजींच्या पाया पडला, आणि दर रविवारी येऊ लागला.

गुरुजी म्हणजे पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. तरुणपणी बासरी वाजवायचे, पण समोरचे दात पडले आणि फुंक जाऊ लागली. तेव्हापासून ते पेटीवर सूर धरून गाऊन शिकवायचे. त्यांचा एक नियम कडक होता — दुसऱ्याच्या उष्ट्या बासरीला तोंड लावायचं नाही. ज्याची त्यानं वाजवायची. विद्यार्थ्यांची बासरी ते स्वतःही ओठांना लावत नसत. हा नियम जरा ध्यानात ठेवा. तो नसता तर माझं बिंग पहिल्याच रविवारी फुटलं असतं.

एका रविवारी निवृत्ती भूप वाजवत होता. त्याच्या त्या साध्या, आखूड बासरीवर. गुरुजींनी पेटी थांबवली आणि सगळ्यांना म्हणाले, "फुंक ऐका याची." एवढंच. मी त्यांच्याकडे किती वर्षं येत होतो. असं माझ्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. मी हसून मान डोलावली. निवृत्ती लाजून बासरी पुसत बसला.

त्याच सुमारास गुरुजी म्हणाले, आता तुम्ही दोघं पुढची बासरी घ्या. ही पोरखेळातली झाली. मोठ्या वादकांची आपल्या खिशाला परवडायची नाही, आणि तुमची बोटंही अजून तेवढी लांब जात नाहीत. मधली घ्या — जाड बांबूची, पेटीशी जुळवलेली, आणि दोघांनी एकाच पट्टीची. कशी पारखायची तेही सांगितलं. बांबू सरळ हवा, चीर नको. छिद्रांच्या कडा स्वच्छ जळलेल्या हव्यात. खालचा पंचम धाप न लागता बोलला पाहिजे. आणि सगळ्यात आधी गंधार तपासा, म्हणाले. भूपात गंधार पडला की सगळं पडलं.

दिवाळीचा बोनस झाला होता. निवृत्तीनं घरी सांगितलं होतं, यंदा मला एकच वस्तू पाहिजे, बाकी सगळं तुमचं. त्याची बायको हसली होती म्हणे. पैसे त्यानं माझ्या हातात दिले. मी म्हटलं, चल की बरोबर पुण्याला. तर त्याची दुसरी पाळी होती, आणि म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? तुमी पास केली म्हंजी पास."

रविवार पेठेतल्या एका बोळात एक म्हातारे गृहस्थ बासऱ्या करायचे. दिवाळी तोंडावर, दुकानात गर्दी. आमच्या पट्टीच्या तीनच शिल्लक होत्या. त्यातली एक अशी की दोघांचे पैसे एकत्र केले असते तरच परवडली असती. राहिल्या दोन. एकाच बांबूच्या वाटाव्यात अशा. मी दुकानातल्याच पेटीला लावून दोन्ही वाजवल्या. पहिली सुरेख. दुसरीचा आवाज तर आणखी भरदार — पण गंधार खाली. थोडासाच. नवशिक्याला कळणार नाही, पेटीसमोर मात्र लपणार नाही इतका.

म्हातारा सरळ माणूस होता. त्यानं स्वतःहूनच सांगितलं, हिला आतून दुसऱ्या छिद्रापाशी जरा जाड राहिलंय, घासलं की गंधार वर येईल. अर्ध्या तासाचं काम आहे, पण दिवाळीआधी सवड नाही. पुढच्या आठवड्यात घेऊन जा. नाहीतर आत्ता न्या, थोडे कमी द्या, सवडीनं आणा, फुकट करून देतो.

पुढच्या आठवड्यात मला यायला काय अडचण होती? काहीच नाही. दापोडीहून पुणं असं किती लांब आहे? तरी मी म्हटलं, आत्ताच द्या दोन्ही.

इथं असं सांगावंसं वाटतं की घरी पोहोचेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, निवृत्ती समोर आला आणि कोणती कोणाची ते गडबडीत ठरलं. तसं झालं नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मी चांगल्या बासरीच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ मारली — माझी ओळखू यावी म्हणून. मग दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळल्या. बसमध्ये मला चक्क झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी निवृत्तीला त्याची बासरी दिली. वर वाचलेले पैसे परत दिले, घासाघीस केली म्हणून सांगितलं. तो इतका खूश झाला की त्याच पैशांतून त्यानं मशीनशॉपमधल्या सगळ्यांना चहा पाजला. आणि म्हणाला, हिला तुमची चिठ्ठी बांधा की राव. गंमत म्हणून. सगळे हसले. मी टेबलावरची एक हिरवी चिठ्ठी घेतली, तारेनं बासरीला बांधली, आणि खाली सही केली. माझी नेहमीची सही.

पुढं काय झालं असेल, तुमच्या लक्षात आलंच असेल. रविवारी गुरुजींनी पेटी धरली आणि निवृत्तीचा गंधार खाली लागला. गुरुजी म्हणाले, वर घे. त्यानं ओठ बदलले, मान तिरकी केली, फुंक जोरात मारली. जोरात मारली की बाकीचे सूर चढायचे. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. गुरुजी रागीट नव्हते, पण एकदा त्यांच्या तोंडून गेलं, "अरे, तुला ऐकू येत नाही का?" निवृत्ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मी शेजारी बसलो होतो. माझा गंधार बरोबर लागत होता.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो बासरी घेऊन माझ्या टेबलाशी आला. इतके दिवस मी याचीच वाट बघत होतो — धास्तीनं की कशानं, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, भाऊ, तुमची बी आणा अन् दोन्ही मापून बघू, हिच्यातच खोट आसंल तर? दुसऱ्या दिवशी मी माझी नेली. त्याच्यासमोर मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. लांबी, जाडी, छिद्रांची मापं, छिद्रांमधली अंतरं — एकेक करून दाखवलं. सगळं सारखं. केसाचाही फरक नाही. यातलं एकही माप मी खोटं सांगितलं नाही, यावर विश्वास ठेवा.

पण तो टर्नर होता. बोअर, म्हणजे आतली पोकळी, काय असते हे त्याला मी कशाला सांगायला हवं? त्यानं विचारलं, "आतून बी?"

मी व्हर्नियरची वरची टोकं बासरीच्या उघड्या तोंडाशी घातली. ती तिथपर्यंतच जातात, दुसऱ्या छिद्रापर्यंत पोचत नाहीत. मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. पण मी म्हटलं, "हो, आतूनही."

फराटा मारलेला पीस उचलायचा तशी त्यानं बासरी उचलली. "मंग खोट माझ्यातच हाय," म्हणाला, आणि मशीनवर गेला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा हादरा बसला. तोवर वाटत होतं, थोडी खोडी केली, एक दिवस ती बासरी मागून घेऊ, घासून आणू, प्रकरण मिटेल. त्या एका शब्दानंतर ते मिटवायचं कसं? घासून आणली असती तर 'आतूनही' कसं काय सारखं होतं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि कंपनीत माझं नाव होतं.

निवृत्ती हळूहळू यायचा थांबला. आधी पाळीचं कारण, मग म्हैस व्यायली. शेवटी एकदा येऊन गुरुजींच्या पाया पडला, म्हणाला, मला कान न्हाई गुरुजी, तुमचा येळ कशाला घालवू. गुरुजींना वाईट वाटलं, ते मला म्हणाले, फुंक फार चांगली होती रे त्याची. पुढच्या गणपतीत कंपनीच्या मांडवात मी भूप वाजवला. सतरंज्या निवृत्तीनं घातल्या होत्या. समोर बसून तो शेवटपर्यंत ऐकत होता, आणि झाल्यावर सगळ्यात आधी येऊन त्यानं माझा हात हातात घेतला.

इथं हे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायला बसलो नसतो. माणसाची हौस होती, सुटली, संसार चालला — असं म्हणून मी बरीच वर्षं बरा होतो.

रहाटणीच्या जत्रेला तो मला दरवर्षी जेवायला बोलवायचा, आणि मी दरवर्षी काहीतरी सबब सांगायचो. एका वर्षी घरी येऊन, हाताला धरूनच घेऊन गेला. तोवर केस पांढरे व्हायला लागले होते दोघांचेही. घर नवं, पक्कं बांधलेलं. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी खिळ्याला बासरी टांगलेली. हिरवी चिठ्ठी तशीच. रंग उडालेला, सही वाचता येत होती.

पंगतीत त्याच्या मुलीच्या शाळेतल्या एक बाई होत्या. मुलीचं नाव मंगल, आठवी-नववीत असेल. ती आत भाकऱ्या थापता थापता गुणगुणत होती, ते मघापासून माझ्या कानावर पडत होतं. स्वच्छ गळा. बाई निवृत्तीला म्हणाल्या, अहो, हिला गाणं शिकवा, मी पिंपरीतल्या क्लासचं बघते. मंगल भाकरीचं ताट घेऊन दारात येऊन थांबली होती.

निवृत्ती हसला. म्हणाला, नको बाई. आमच्या घराण्यात सूरच न्हाई. पोरगी आशेला लागंल, अन् मंग चार लोकांत तिला कुणी म्हणंल, तुला ऐकू येत न्हाई का. ते लई लागतंय. मी भोगलंय, ह्या भिंतीवरच्या बासरीपायी. बाईंनी पुन्हा आग्रह केला, अहो, बासरीतच दोष असेल, तुमच्यात कशावरून? तर त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या भाऊंना इचारा. त्यांनी सोता मापलीया. आतून बी."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बाईंनी, निवृत्तीनं, दारातून मंगलनं. माझ्या हातात घास होता. पंगतीतली माणसं माझ्या ओळखीची नव्हती, नोकरीची माझी थोडीच वर्षं उरली होती, गुरुजी केव्हाच गेले होते. जाण्यासारखं माझं काय राहिलं होतं? मला आजही सापडत नाही. म्हणून म्हणतो की धक्का बसतो. तरुणपणी केलं तेव्हा निदान मत्सर होता. त्या दिवशी काय होतं?

मी म्हणालो, "हो. मापली होती."

मंगलनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेली. आतलं गुणगुणणं थांबलं होतं. निवृत्तीनं मला आग्रहानं आणखी वाढायला लावलं, आणि मी जेवलो.

तिला गाण्याला घातलं नाही. पुढं लग्न होऊन ती चाकणकडं गेली. निवृत्ती अजून आहे, रस्त्यात भेटला की भाऊ म्हणून थांबतो. माझी बासरी माझ्याकडेच आहे, लाल दोरा टोकाला तसाच आहे. काल पेटीला लावून पाहिली. गंधार बरोबर लागतो.