डांबर संपते तिथे

मामांच्या गाडीला डोंगर चढता येत असे, वाहता ओढा ओलांडता येत असे. आणि मामा ती उस्मानपुऱ्यातल्या गतिरोधकावरून, तुडुंब भरलेली घागर न्यावी तशी नेत.

सीटवरचे प्लास्टिक त्यांनी कधीच काढले नाही. आत कोऱ्या चामड्याचा आणि उन्हाने तापलेल्या प्लास्टिकचा एकजीव वास दाटलेला असे. इंजिन सुरू झाले की त्याची गुरगुर आधी तळपायांना कळे, मग छातीला. मामा डोळे मिटून ऐकत.

"शेरनी है, पोरी! हिला रस्ता लागतच नाही."

"मग डांबरावरच का फिरवता?"

"खरचटंल ना!"

हे कोडे मला कधीच उलगडले नाही. कारण गाडी घेतली होती मामींसाठी. मामींचे माहेर पिशोर. तिथल्या टेकडीवर त्यांची देवी. गुडघे गेल्यापासून ती चढण त्यांना जमत नव्हती. "तुला देवीच्या पायरीशी उतरवतो," असा मामांनी शब्द दिला होता.

आम्ही गेलोही. डांबर संपले, मुरमाची वाट लागली आणि मामांनी गाडी थांबवली. खाली उतरून ते एकेक दगड उचलून कडेला ठेवू लागले.

मामी खिडकीतून म्हणाल्या, "अहो, गाडीनं दगडावरून जायाचं, का दगडानं गाडीवरून?"

"पुढच्या खेपेला नक्की," मामा हात झटकत म्हणाले. मामींनी तिथूनच टेकडीला हात जोडले.

पुढे रविवारी ते एकटेच गाडी घेऊन निघत. विचारले तर म्हणत, "हर्सूलला. तलावाची हवा खायला." परतत तेव्हा त्यांच्या नखांत मुरूम असे. तलावाकाठी कसला मुरूम, हे आम्ही कधी विचारले नाही.

यंदा थंडीत मामा अचानक गेले. उन्हे तापू लागली तेव्हा मामी मला म्हणाल्या, "चल, तू चालीव."

डांबर संपले. पुढे वाटेच्या दोन्ही कडांना दगडांचे नीट रचलेले ढीग होते, थेट निम्म्या चढापर्यंत. ढीग सरले, दगडगोट्यांची वाट सुरू झाली. गाडी जराशी डुलली आणि सहज वर गेली. दारावर बोरीच्या काट्यांचा एक लांब ओरखडा मात्र उमटला.

देवीच्या पायरीशी मी विचारले, "मामी, मामा दगड गाडीसाठी वेचत होते, की तुमच्यासाठी?"

"मला तरी कुठं कळलं गं?"

निघताना त्यांनी सीटवरच्या प्लास्टिकचे टोक उचकटले. क्षणभर थांबल्या. मग ते तळव्याने पुन्हा चापून बसवले आणि त्यावरच बसल्या.